कडी आठ वेळा तपासली, रस्ता एकदाही नाही

"मॅडम, मी जास्तच काळजी करते का? की बाकीच्यांनाच काही कळत नाहीये?"

उपनगरातल्या वसाहतींमधले पालक हा प्रश्न मला वरचेवर विचारतात. जवळपास कुठे घरफोडी झालेली असते, कुणाची पर्स हिसकावलेली असते, नाहीतर कोपऱ्यावर एखाद्या मुलाला गाडीचा धक्का लागलेला असतो. राहायला शांत म्हणून निवडलेली जागा अचानक परकी वाटू लागते. अशाच एका आईबद्दल आज लिहिते आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांच्या घरापासून तिसऱ्या घरात भरदिवसा चोरी झाली. घरात कुणी नव्हतं, कुणाला इजा झाली नाही. पण त्या रात्रीपासून या बाईंची झोप उडाली. दाराची कडी लावायची, ओढून बघायची, अंथरुणावर पडायचं आणि पाच मिनिटांनी परत उठायचं. सुरुवातीला दोनदा, महिनाभरात सात-आठ वेळा. उशाशी मोबाइल आणि त्यावर वसाहतीचा ग्रुप. 'पांढरी गाडी दोनदा फिरून गेली.' 'कुणीतरी बेल वाजवून गेलं, ओळखीचं नव्हतं.' रात्री अडीचला आलेला मेसेजही त्या वाचायच्या. दहा वर्षांचा मुलगा एरवी मित्रांबरोबर बारा मिनिटं चालत शाळेत जायचा. ते बंद झालं, आई गाडीने सोडू लागली. संध्याकाळचं खेळणंही थांबलं. मग मुलगाच रात्री पाणी प्यायला एकटा उठेना, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या.

"नवरा म्हणतो, उगाच बाऊ करतेस," हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

भ्यालेल्या माणसाला 'घाबरण्यासारखं काही नाही' असं सांगू नये, असं मला मनापासून वाटतं. त्याने भीती कमी होत नाही, माणूस फक्त सांगायचं बंद करतो. शिवाय इथे ते खरंही नव्हतं. एका घरात चोरी झाली की पुढचे काही आठवडे त्याच घराला आणि आजूबाजूच्या घरांना धोका खरोखरच वाढलेला असतो. चोराला गल्ली माहीत झालेली असते, आत कसं शिरायचं आणि कुठून निसटायचं हे कळलेलं असतं. म्हणून मी त्यांना आधी हेच सांगितलं, "तुमची भीती खोटी नाही. तिला काम देऊ या."

हे काम कसं द्यायचं याचं एक उदाहरण मला फार आवडतं. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात कर्कहोल्ट नावाची वसाहत आहे. १९८० च्या दशकात तिथे घरफोड्यांनी लोक हैराण झाले होते. उपाय करणाऱ्यांच्या लक्षात आलं की चोर पुन्हा पुन्हा त्याच घरांवर येतात. मग ज्या घरात चोरी झाली त्याची कुलपं आणि खिडक्या लगेच पक्क्या केल्या, आणि त्याच्या भोवतालच्या पाच-सहा घरांनी एकमेकांवर नजर ठेवायची असं ठरवलं. अख्ख्या वसाहतीने पहारा द्यायचा नाही, फक्त शेजारच्या घरांनी. पाच महिन्यांत तिथल्या घरफोड्या आधीच्या निम्म्याहून खाली आल्या.

आमच्या बाईंनी एका रविवारी दुपारी नवऱ्याला बरोबर घेऊन घराला बाहेरून फेरी मारली, चोराच्या नजरेने. मागच्या खिडकीची कडी ढिली होती, ती बदलली. भिंतीला टेकवून ठेवलेली शिडी आत घेतली. खिडकीआड माणूस लपेल एवढं झुडूप वाढलं होतं, ते छाटलं. बाहेर कुंडीखाली ठेवलेली जादा किल्ली काढली. चार शेजाऱ्यांशी समोरासमोर बोलून एकमेकांचे फोन नंबर घेतले आणि गावाला जाताना कुणी कुणाला सांगायचं ते ठरवलं. अडीच तासांत काम झालं. मी त्यांना प्रत्येक कामापुढे तारीख लिहायला सांगितली होती. काम संपलं हे डोळ्यांना दिसलं पाहिजे, नाहीतर भीती ते मोजतच नाही.

कडीचा प्रश्न मात्र वेगळा होता. कडी चांगली होती, त्यांचा स्वतःवरचा विश्वास ढिला झाला होता. नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंड्ट यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना संगणकावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा बंद करून तपासायला लावली. वीसेक वेळा तपासल्यावर लोकांची आठवण चुकली नाही, पण ती धूसर झाली आणि तिच्यावरचा त्यांचा भरवसा उडाला. म्हणजे जितकं जास्त तपासावं तितकी खात्री कमी. हे ऐकल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं मी वेडी होत चालले आहे."

त्यांच्यासाठी आम्ही एक पद्धत ठरवली. रात्री एकदाच, सावकाश, हात कडीवर ठेवून मोठ्याने म्हणायचं, 'कडी लागली.' नंतर उठावंसं वाटलं तरी उठायचं नाही. ती तळमळ चढते, टिकते आणि हळूहळू उतरते, आणि हे स्वतः अनुभवल्याशिवाय पटत नाही. ग्रुपचा आवाज बंद करायचा आणि संध्याकाळी ठरलेल्या अर्ध्या तासातच तो वाचायचा. काळजीला रोज अर्ध्या तासाची ठरावीक वेळ आणि ठरावीक जागा देण्याचा हा उपाय थॉमस बोर्कोव्हेक यांनी १९८३ मध्ये सहकाऱ्यांबरोबर तपासला होता, आणि साधा असला तरी मी तो अजून वापरते.

इथवर मला वाटत होतं की आपण बरोबर वाटेवर आहोत.

तिसऱ्या भेटीला त्या वीस मिनिटं उशिरा आल्या. हात थरथरत होते. उशिराचं कारण त्यांनी घाईघाईत सांगितलं. मुलाला शाळेत सोडायला जाताना मोबाइल वाजला. तोवर ग्रुपचा आवाज बंद करणं त्यांना जमलं नव्हतं. 'शाळेमागच्या रस्त्यावर संशयित माणूस' एवढं वाचून मान वर केली, तर समोर सायकलवर एक मुलगी. ब्रेक दाबला, गाडी हातभर अंतरावर थांबली. मागच्या सीटवर मुलाने पट्टा लावलेला नव्हता. तो पुढच्या सीटवर आदळला, ओठ फाटला. "टाके नाही पडले," त्या म्हणाल्या, आणि लगेच पुढचं बोलू लागल्या, "पण मॅडम, तो माणूस कोण असेल हो?"

मी त्यांना तिथेच थांबवलं.

दोन भेटी मी कडी, खिडकी, ग्रुप यांबद्दल बोलत होते. या बाई रोज दोनदा गाडी चालवतात, घाईत, अपुऱ्या झोपेत, एक डोळा मोबाइलवर ठेवून, हे मी विचारलंच नव्हतं. चोराची भीती घेऊन आलेल्या प्रत्येकाला आता मी पहिल्याच भेटीत विचारते, "तुम्ही रस्त्यावर कसे असता?"

त्या दिवशी मी कागद पुढे ओढला आणि त्यांच्याकडूनच हिशेब करून घेतला. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. मेसेज वाचायला तीन सेकंद लागले तर ४२ मीटर डोळे मिटून गाडी चालवल्यासारखंच. दुसरा हिशेब त्यांना जास्त लागला. समोर मूल आलेलं पाहून पाय ब्रेकवर जायला साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० वेगाची गाडी तो सेकंद आणि ब्रेकचं अंतर धरून, कोरड्या रस्त्यावर १३-१४ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ५० ने जाणाऱ्या गाडीचा तेवढ्या अंतरात ब्रेकसुद्धा लागलेला नसतो. ज्या जागी एक गाडी उभी राहिली, त्याच जागेवरून दुसरी पूर्ण वेगाने पुढे जाते. गल्लीतल्या रस्त्यावर वाचणारा वेळ बघायला गेलं तर मिनिटभराचाही नसतो.

"मग मला याची भीती का नाही वाटली?" त्यांनी विचारलं. त्यांच्या सगळ्या भेटींतला मला सर्वांत प्रामाणिक वाटलेला प्रश्न हाच.

जे चटकन आणि ठळक आठवतं ते आपल्याला जास्त वेळा घडणारं वाटतं. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७३ मध्येच हे मांडलं होतं. चोराला चेहरा असतो, हेतू असतो, त्याची गोष्ट सांगता येते. रस्ता रोजचा, आणि स्टिअरिंग आपल्याच हातात, म्हणून तो ओळखीचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगभरात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यांवर मरतात, आणि ५ ते २९ या वयात मृत्यूचं पहिलं कारण रस्ते अपघात हेच आहे. तरी रात्री अडीचला 'आज आपल्या गल्लीत सगळे साठने गेले' असा मेसेज ग्रुपवर कुणी टाकत नाही.

त्या रडल्या. मी त्यांना रडू दिलं. मला त्यांना अपराधी ठरवायचं नव्हतं. मुलाला वाचवायची त्यांची धडपड खरी होती, फक्त तिची दिशा बदलायची होती.

बदल छोटे होते, पण चिकाटी लागली. फोन मागच्या डिकीत, पिशवीत. सगळ्यांचे पट्टे लागल्याशिवाय चावी फिरवायची नाही, आणि हे बघण्याची जबाबदारी मुलाकडे. वसाहतीच्या आत ३० च्या वर जायचं नाही. निघायची वेळ दहा मिनिटं आधी. शाळेच्या फाटकाशी गाडी लावायचीच नाही, अलीकडे थांबून शेवटचा तुकडा मुलाबरोबर चालायचं, कारण फाटकापाशी मागेपुढे होणाऱ्या गाड्या, त्यांची स्वतःचीही, चालत येणाऱ्या मुलांच्या जिवावर उठतात.

मग मुलाचं पायी जाणं परत सुरू करायचं होतं. इथे मी सावध होते. 'मोठा झालाय, जाऊ दे की' असं मी कधीच म्हणत नाही. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या संशोधकांना २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की प्राथमिक शाळेतल्या मुलांना ताशी ३२ किलोमीटरहून वेगाने येणारी गाडी जवळ येते आहे हेच खात्रीने ओळखता येत नाही. त्यांचं लक्ष नसतं अशातला भाग नाही, ती नजरच अजून तयार झालेली नसते. म्हणून 'नीट बघून जा' एवढं पुरत नाही, कुठे ओलांडायचं हेच मोठ्यांनी निवडून द्यावं लागतं.

मायलेकांनी दोन आठवडे रोज तो रस्ता चालून काढला. पुढे मुलगा, तीन पावलं मागे आई. उभ्या गाड्यांच्या मधून ओलांडायचं नाही. वळणापासून लांब, दोन्हीकडचं दूरवर दिसतं तिथेच थांबायचं. चालक आपल्याकडे बघतो आहे आणि गाडी खरंच थांबली आहे, दोन्ही दिसल्यावरच पाऊल टाकायचं. कानात काही घालायचं नाही. मुलगा मोठ्याने सांगायचा, "आता थांबतोय, कारण ती गाडी मागे येतेय." चौथ्या दिवशी त्याने आईला न दिसलेली एक गाडी दाखवली. त्या रात्री तो पाणी प्यायला एकटा उठला. या दोन गोष्टींचा संबंध असावा असं मला वाटतं. मुलाला जपून घरात ठेवलं की त्याला कळतं ते एवढंच, की बाहेर काहीतरी भयंकर आहे आणि ते मला झेपणार नाही.

'अनोळखी माणसाशी बोलू नकोस' हा नियमही आम्ही बदलला. मुलांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो, आणि हरवलेल्या मुलाला मदत अनेकदा अनोळखी माणसाकडेच मागावी लागते. म्हणून नियम प्रसंगाचा केला. आईबाबांना विचारल्याशिवाय कुणाहीबरोबर, काकांबरोबरसुद्धा, जायचं नाही. कुणी 'हे घरी सांगू नकोस' म्हणालं, तर ते घरी आधी सांगायचं.

नवऱ्याशी मी एकदाच बोलले. 'बाऊ करतेस' याऐवजी 'आज काय राहिलंय, ते आपण दोघं करू' असं म्हणून बघा, एवढंच सुचवलं. त्यांनी तेच केलं. झुडूपही त्यांनीच छाटलं होतं, हे तेव्हा कळलं.

एक मात्र सांगून ठेवते. ज्यांच्या स्वतःच्या घरात चोर शिरला, ज्यांच्यावर हल्ला झाला किंवा जे अपघातात सापडले, त्यांना महिना उलटूनही तेच प्रसंग डोळ्यांपुढे येत असतील, दचकून जाग येत असेल, ती जागाच टाळावीशी वाटत असेल, तर वर लिहिलेलं पुरणार नाही. त्यासाठी आघातावर काम करणारे उपचार आहेत, ते गुण देतात, आणि ते लवकर घ्यावेत.

पाचव्या महिन्यात त्या शेवटच्या भेटीला आल्या. चालत आल्या होत्या, मुलगा खाली मित्राबरोबर थांबला होता. चोर सापडला का, मी विचारलं नाही आणि त्यांनीही तो विषय काढला नाही.

"काल परत दोनदा उठले कडी बघायला," त्या म्हणाल्या. "शेजारच्या गल्लीत काहीतरी झालं म्हणे."

"मग?"

"मग सकाळी शेजारणीकडे गेले. त्यांची मागची खिडकी बघितली आम्ही दोघींनी. ढिलीच होती."

त्या उठल्या, पिशवीतून फोन काढला, बघितला आणि परत आत टाकला. खिडकीतून मला ते तिघं रस्त्याच्या कडेला उभे दिसले. मुलाने हात आडवा धरून आईला थांबवलं होतं. एक गाडी गेली, दुसरी हळू होत थांबली. त्याने चालकाकडे बघितलं आणि मगच हात खाली घेतला.