रेडिएशन घेतलेल्या आईची छातीवरची जखम भरत नाही. डॉक्टर पोटाची चरबी टोचू म्हणतात. फरक पडतो का?

हो, बऱ्याच जणांना पडतो. रेडिएशनने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद होतात. म्हणून तिथली कातडी कडक, चकचकीत, बरगडीला चिकटल्यासारखी लागते. चिमटीत धरायला जावं तर सुटतच नाही. रक्तच पोचत नाही, मग मलम कितीही लावा.

पोटाची किंवा मांडीची चरबी बारीक नळीने ओढतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तेल आणि रक्त वेगळं करतात आणि उरलेली चरबी जखमेच्या कडेने, खालून, थेंबाथेंबाने सोडतात. एकाच जागी गोळा सोडला तर आतली चरबी मरते, म्हणून हात सरावलेलाच हवा. या चरबीतल्या मूळ पेशींमुळे (स्टेम सेल) नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत होते. इटलीतल्या व्हेरोनाचे प्लास्टिक सर्जन जीनो रिगोत्ती यांनी २००७ मध्ये अशा २० रुग्णांचे उत्साहवर्धक निकाल प्रसिद्ध केले, तेव्हापासून या पद्धतीकडे बरंच लक्ष गेलं.

काही चरबी शरीर शोषून घेतं, त्यामुळे बहुतेकदा दोन-तीन वेळा करावं लागतं. खाली हाड उघडं पडलं असेल तर सहसा फ्लॅपच लागतो, म्हणजे दुसऱ्या जागची कातडी-मांस त्याच्या रक्तवाहिन्यांसकट तिथे बसवावं लागतं.

पण त्याआधी एक नक्की विचारा: जखमेच्या कडेची बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणी) झाली का? न भरणाऱ्या जखमेत कॅन्सर परतलेला असू शकतो, तो नाही याची खात्री झाल्याशिवाय चरबी टोचून घेऊ नका. आणि आई मिश्री लावत असतील तर आजच बंद करा. निकोटीनने रक्तवाहिन्या आणखी आवळतात.