व्हिस्कोइलास्टिक द्रवाला ‘चिकट-लवचीक’ म्हणावं का?

पीएचडीच्या प्रबंधाचा मराठी सारांश लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. तिने शीर्षक असं केलंय: ‘मायक्रोफ्लुइडिक उपकरणांमधील चिकट-लवचीक द्रवांचे प्रवाह वर्तन’. मायक्रोफ्लुइडिक म्हणजे अतिशय बारीक वाहिन्यांतून द्रव नेणाऱ्या छोट्या चिपसारखी उपकरणं. आणि व्हिस्कोइलास्टिक म्हणजे वाहायला विरोध करणारा, पण ताणला तर परत येऊ पाहणाराही द्रव. त्यासाठीचा ‘श्यान-स्थितिस्थापक’ हा शब्द फार जड वाटला, म्हणून साधे शब्द घेतले, ते चालतील का, असं ती विचारते.

साधं लिहायची तिची ओढ मला मनापासून पटते. पण हे दोन साधे शब्द इथे वेगळंच काही सांगतात.

आधी ‘चिकट’. चिकटपणा म्हणजे एका वस्तूने दुसरीला धरून ठेवणं. स्टिकरची मागची बाजू चिकट असते, पण ती वाहत नाही. व्हिस्कॉसिटी म्हणजे द्रवाचे थर एकमेकांवरून सरकताना आतल्या आत होणारं घर्षण. बाहेरच्या कशाला चिकटण्याचा तिथे संबंध नाही. इंग्रजी शब्दाचं मूळ मात्र चिकटपणातच आहे. लॅटिन ‘विस्कुम’ म्हणजे एक प्रकारचं बांडगूळ; त्याच्या फळांपासून पाखरं पकडायचा चीक करत. म्हणजे ‘चिकट’ हे भाषांतर व्युत्पत्तीला धरून आहे, पण शास्त्राच्या अर्थाला सोडून.

‘श्यान’ त्यापेक्षा कितीतरी नेमका. धातू ‘श्यै’, म्हणजे थिजणं. पाणिनीने या धातूसाठी वेगळं सूत्रच केलंय, ‘द्रवमूर्तिस्पर्शयोः श्यः’. त्यावर काशिकेत, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, उदाहरण येतं ‘शीनं घृतम्’, थिजलेलं तूप. स्पर्शाचा अर्थ असेल तर त्याच धातूपासून ‘शीत’ होतो. हिवाळ्यात तुपाची बरणी तिरकी केली की तूप पुरतं थिजलेलं नसतं, पण वाहायला काचकूच करतं. ‘श्यान’ शब्द वाचला की मला ती बरणीच दिसते. शिवाय तूप काय, तेल काय, गार झालं की त्याची श्यानता वाढते, तेव्हा ‘शीत’शी असलेलं हे नातं नुसतं व्याकरणातलं नाही.

आता ‘लवचीक’. जे सहज वाकतं ते लवचीक. तांब्याची बारीक तार वाकवली की वाकलेलीच राहते, तरी तिला आपण लवचीक म्हणतोच. इथे हवंय ते परत येणं. ‘स्थितिस्थापक’ हा शब्द न्याय-वैशेषिकांचा, म्हणजे प्राचीन भारतीय तर्क-तत्त्वज्ञांचा. त्यांच्या मते संस्कार, म्हणजे मागे उरून पुढे काम करणारे गुण, तीन: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेगळ्या अवस्थेत नेलेल्या वस्तूला पुन्हा पहिल्या अवस्थेत आणतो तो स्थितिस्थापक. अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रह’ या त्या परंपरेतल्या छोट्या ग्रंथात चटईचा दाखला दिलाय. बरेच दिवस गुंडाळून ठेवलेली चटई उलगडली तरी पुन्हा गुंडाळी करू बघते, ती यामुळेच. हा संस्कार त्याने पृथ्वीत, म्हणजे घट्ट पदार्थांत मानला, द्रवात नाही. आणि ‘भावना’ म्हणजे अनुभवातून उरणारा, आठवणीला कारण होणारा संस्कार.

ही भावंडं शेजारी ठेवून बघा. आजचे शास्त्रज्ञ नेमकं असंच बोलतात, की या द्रवांना स्मृती असते. पॉलिमरचे लांबलचक रेणू ओढले जातात आणि पुन्हा वेटोळं करू पाहतात. त्याला जो वेळ लागतो तेवढा काळ द्रवाला आपला ताण आठवत असतो. भेंडी चिरताना सुरी उचलली की बुळबुळीत तार निघते, आणि तुटली की तिची टोकं झटकन मागे आखडतात. साखरेचा पाक कितीही दाट झाला तरी त्याला ही आठवण नसते. पाक नुसता श्यान. भेंडीचा बुळबुळीत रस, अंड्यातलं पांढरं, लाळ हे श्यान-स्थितिस्थापक. जोडशब्दातला एकही भाग गाळता येत नाही तो यासाठी.

तिच्या विषयात तर दुसरा भागच जास्त महत्त्वाचा. समजा, 1 मिलिमीटर रुंदीच्या वाहिनीत द्रव सेकंदाला 1 मिलिमीटर जातोय आणि त्याची आठवण 0.1 सेकंद टिकते. थर सरकण्याचा दर ढोबळमानाने सेकंदाला 1. आठवणीच्या काळाने गुणलं की 0.1. हा वाइसेनबर्ग अंक. तो जितका मोठा तितका द्रवाच्या आठवणीचा प्रवाहावर जोर जास्त. तेवढ्याच वेगाने द्रव 100 मायक्रोमीटरच्या वाहिनीत सोडला की अंक 1 होतो. त्याच वेळी रेनॉल्ड्स अंक, म्हणजे श्यानतेच्या तुलनेत जडत्वाचा जोर, दहा पटींनी घटतो. इतक्या अरुंद जागेत साधं पाणी शिस्तीत, थराथराने जातं. दोन धारा शेजारी सोडल्या तरी फार सावकाश मिसळतात. पण द्रवाला आठवण असेल तर जडत्व नसतानाही तो खवळू शकतो. 2000 साली इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या ग्रोइसमन आणि स्टाइनबर्ग यांनी पॉलिमरच्या द्रावणात हे दाखवलं आणि पुढच्याच वर्षी वळणावळणाच्या वाहिनीत त्याने मिश्रण किती छान होतं तेही. इंग्रजीतल्या या ‘इलास्टिक टर्ब्युलन्स’ला ‘लवचीक संक्षोभ’ म्हटलं तर वाचणाऱ्याला काय कळणार? ‘स्थितिस्थापक संक्षोभ’ म्हटलं की कारण शब्दातच येतं.

बाकीच्या शब्दांचं थोडक्यात. वाहिनीसाठी ‘नलिका’ नको, चिपमध्ये कोरलेल्या, वरून काच लावून बंद केलेल्या या चौकोनी पन्हळी असतात. ‘सूक्ष्मवाहिनी’ बरं. ‘चिप’ मात्र चिपच राहू द्या, प्रयोगशाळेत दुसरं कुणी काही म्हणत नाही. द्रव आणि वायू दोन्ही अभिप्रेत असतील तर विश्वकोशातला ‘द्रायू’ आहे. हिंदीतला ‘तरल’ नको, मराठीत तरल असतात त्या भावना आणि कविता. आणि ‘प्रवाह वर्तन’ काढूनच टाका. मराठीत पाणी वर्तन करत नाही, पाणी वाहतं.

शीर्षक असं करता येईल: ‘सूक्ष्मवाहिन्यांमधून श्यान-स्थितिस्थापक द्रव कसे वाहतात’. पहिल्या परिच्छेदात एकदा ‘व्हिस्कोइलास्टिक’ देवनागरीत द्या आणि शेजारी भेंडीची तार.