दही देऊ की बंद करू?

प्रश्न: ताई, आम्ही गुहागरचे. मुलगा नऊ वर्षांचा, अ‍ॅलर्जीचा दमा आहे, पावसाळा लागला की रात्रभर खोकला आणि छातीत शिट्टी वाजते. सासूबाई म्हणतात दही बंद कर, जाऊबाई म्हणतात प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवाणूंचं दही दे, दम्याचा पंप सुटेल. कोणाचं ऐकू?

उत्तर: अगं, आधी पंपाचं बोलते, तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात सोडू नकोस, माझा जीव त्यातच अडकलाय. उंदरांवरच्या प्रयोगांत लॅक्टोबॅसिलस या दह्यातल्यासारख्या काही जिवाणूंनी श्वासनलिकेची सूज आणि अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या इओसिनोफिल पेशी कमी झाल्यात हे खरंय, पण दम्याच्या माणसांत तसा ठाम फायदा दिसलेला नाही. जागतिक अ‍ॅलर्जी संघटनेनेही २०१५ मध्ये प्रोबायोटिक सुचवलं ते बाळांचा एक्झिमा, म्हणजे त्वचेवरचं खाजरं पुरळ टाळायला, दम्यासाठी नाही. आणि घरच्या विरजणात नेमके कुठले जिवाणू आहेत ते कळत नाही, कढी उकळली की तेही मरतात. दुधाची अ‍ॅलर्जी नसेल आणि खाऊन त्रास वाढत नसेल तर दुपारी वाटीभर ताजं दही खुशाल दे, पोषण म्हणून. त्याच्या उशाची भिंत मात्र बघ, आपल्याकडे जुलैत ओल येऊन काळी बुरशी धरते ना, गादीही दमट होते, तिथे धुळीतले माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव वाढतात, आधी ते आवर.