आधी दिसलेले मरण आणि न खपलेला विमा

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच भागाविषयी आहेत, म्हणून ती एकत्र घेतो. ‘द एक्स-फाइल्स’ या अमेरिकी मालिकेच्या तिसऱ्या पर्वातला हा चौथा भाग, ‘क्लाइड ब्रुकमन्स फायनल रिपोज’. फॉक्स वाहिनीवर तो १३ ऑक्टोबर १९९५ रोजी, म्हणजे अमेरिकेत अशुभ मानल्या जाणाऱ्या तेरा तारखेच्या शुक्रवारी, प्रथम दाखवला गेला. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात भविष्य सांगणाऱ्यांचे खून होत असतात. तपासासाठी आलेले एफबीआयचे मल्डर आणि स्कली क्लाइड ब्रुकमन या उतारवयाच्या विमा एजंटापर्यंत पोहोचतात. समोरचा माणूस कसा मरणार, एवढेच या गृहस्थाला दिसते. ज्यांनी भाग पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा; पुढे सगळेच उघड केले आहे.

प्रश्न : कॉलेजात शिकणाऱ्या मुलीसोबत हा भाग पुन्हा पाहिला. ‘मी कशी मरणार?’ असे स्कली विचारते आणि ब्रुकमन म्हणतो, ‘तुम्ही नाही मरत.’ माझ्या अंगावर काटा आला. मुलीच्या मते स्कली अमर आहे आणि पुढच्या पर्वांत तसे सुचवलेलेही आहे. मला मात्र म्हाताऱ्याने तिचे मन राखले असे वाटले. शेवटी त्याने स्वतःचे आयुष्य संपवले, याचा रागही आला. आम्हा मायलेकींत कोणाचे खरे? (एक वाचिका, सोलापूर)

उत्तर : तुमच्या मुलीच्या बाजूने पुरावा आहे, हे आधी मान्य करतो. सहाव्या पर्वातल्या ‘टिथोनस’ या १९९९ च्या भागात मरण न येणाऱ्या एका छायाचित्रकाराशी स्कलीची गाठ पडते, आणि तिच्या वाट्याचे मरण तो स्वतःवर घेतो. मालिका २०१६ साली परतली तेव्हा ‘मी अमर आहे, विसरलास का’ अशा अर्थाचे वाक्य स्कली स्वतःच थट्टेने बोलते, आणि तो भाग लिहिणारा डॅरिन मॉर्गन हाच ब्रुकमनच्या भागाचाही लेखक आहे.

तरीही माझे मत तुमच्याकडे झुकते. कारण ब्रुकमनच्या भागात सुरुवातीला येणारा विमा विक्रीचा प्रसंग आहे. पॉलिसी घ्यावी की न घ्यावी अशा विचारात पडलेल्या तरुण नवऱ्याला ब्रुकमन बसल्या जागी सांगून टाकतो, की दोन वर्षांनी दारू प्यालेल्या चालकाची गाडी तुमच्या गाडीवर समोरून आदळणार आहे. विमा विकायचा तर मरणाची आठवण करून द्यावी लागते, हे आपल्याकडचे एजंटही जाणतात; पण मरणाचा तपशील सांगितल्यावर गिऱ्हाईक थांबेल कशाला? म्हणजे हा माणूस स्वतःच्या पोटावर पाय आला तरी तोंड आवरत नाही. तोच माणूस स्कलीने विचारल्यावर तिच्याकडे क्षणभर पाहतो आणि दोन-तीन शब्दांत विषय संपवतो. तपासभर त्याच्या दृष्टीवर अविश्वास दाखवणारी ही बाई पहिल्यांदाच, अर्धवट थट्टेत का होईना, त्याला काहीतरी विचारते आहे, हे त्याला कळलेले असते. त्याने खरे भविष्य सांगितले असेल, नाही असे नाही. पण त्या क्षणी पीटर बॉइल यांच्या चेहऱ्यावर मला दिसतो तो द्रष्टा नव्हे, पाहुण्याला रिकाम्या हाती न पाठवणारा यजमान. या भूमिकेसाठी बॉइल यांना आणि लेखनासाठी मॉर्गन यांना १९९६ चे एमी पुरस्कार मिळाले.

तुमच्या रागाविषयी थोडे सविस्तर लिहितो. ब्रुकमन मध्येच स्कलीला सांगतो, की आपण दोघे शेवटी एका पलंगावर असू, तुम्ही माझा हात हळुवारपणे धरला असेल, आणि तो क्षण आपण दोघेही विसरणार नाही. स्कलीला हा म्हाताऱ्याचा चावटपणा वाटतो आणि ती त्याला तिथेच झटकते. प्रेक्षकही हसतो. शेवटी ती त्याच्या खोलीत येते तेव्हा तो गेलेला असतो. ती पलंगाच्या कडेला बसते आणि त्याचा हात हातात घेते. भाकीत शब्दशः खरे ठरते आणि आपण मघाशी कशाला हसलो होतो ते आठवून ओशाळायला होते. त्याने जे केले त्याचे कौतुक पटकथा करत नाही, म्हणून तुमचा राग मला चुकीचा वाटत नाही. मला खटकते ते वेगळेच : इतक्या जणांचे मरण पाहिलेल्या या माणसाला ‘तुमचे कसे चालले आहे’ असे भागभर कोणीही विचारत नाही. मल्डरसुद्धा त्याच्याकडे चमत्कार म्हणूनच पाहत राहतो.

प्रश्न : ब्रुकमन म्हणतो, की बिग बॉपर या गायकाने नाणेफेक जिंकून बडी हॉलीच्या विमानात जागा मिळवली आणि त्या विचाराने पछाडल्यामुळेच आपल्याला मरणे दिसू लागली. नाणेफेक रिची व्हॅलेन्सने जिंकली होती ना? (एक निवृत्त अभियंता, ठाणे)

उत्तर : आपले बरोबर आहे. २ फेब्रुवारी १९५९ च्या रात्री आयोवातल्या क्लिअर लेक येथे कार्यक्रम झाला. दौऱ्याच्या बसमधल्या थंडीला कंटाळून रॉक गायक हॉलीने छोटे विमान ठरवले, आणि ते मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात कोसळून तिघे गायक आणि वैमानिक असे चौघेही मरण पावले. व्हॅलेन्स केवळ १७ वर्षांचा होता. हॉलीच्या साथीदारांपैकी टॉमी ऑलसपबरोबरची नाणेफेक त्यानेच जिंकली होती. बिग बॉपरला फ्लू झाला होता म्हणून दुसरा साथीदार वेलन जेनिंग्जने आपली जागा त्याला दिली. संवादात झालेली ही गल्लत चूक म्हणूनच धरावी. गंमत अशी, की खरी हकीकत ब्रुकमनला अधिक शोभली असती. नाणे कोणत्याही बाजूने पडते. पण आजारी सोबत्याला आपली जागा देण्याच्या साध्या माणुसकीतून त्याचे मरण घडावे, या विचाराने एखाद्याची झोप खरोखरच उडेल.

प्रश्न : खुनी सुरुवातीलाच दिसतो. मग रहस्य कसले? त्यातही तो ‘मी असे का करतो’ म्हणून विचारतो आणि उत्तर मिळते, ‘कारण तू खुनशी वेडा आहेस.’ मला फसवल्यासारखे वाटले. (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : तुम्ही ‘कोणी केले’ हे शोधत बसलात, आणि भाग ‘ठरलेले टळते का’ हे विचारत होता. खुन्यालाही पुढचे दिसते. आपण काय करणार ते दिसते, पण का ते कळत नाही, म्हणून तो ज्योतिषांचे उंबरे झिजवतो. त्याला मोठे गूढ उत्तर हवे असते आणि मिळते ते हे, चहा घेता घेता सांगावे तसे. यावर तो समाधानाने मान डोलावतो, हा मला त्या पर्वातला सर्वांत भेसूर विनोद वाटतो. आता हॉटेलच्या मुदपाकखान्यातला प्रसंग पाहा. मल्डरचा पाय ‘पाय’मध्ये, म्हणजे त्या नावाच्या गोड खाद्यपदार्थात, पडेल आणि मागून त्याचा गळा चिरला जाईल, असे ब्रुकमनने सांगितलेले असते; मात्र पाय केळ्याचा की नारळाचा यावरच त्याचे अडलेले असते. (‘पाय’ या शब्दावरची कोटी मराठीनेच केली, मी नव्हे.) मल्डरचा पाय पडतो, सुरी उगारली जाते, आणि चुकून नोकरांच्या लिफ्टने आलेली स्कली गोळी झाडते. असे व्हायचे नव्हते, म्हणत खुनी कोसळतो. ब्रुकमनची एक गोष्ट इथे चुकते, तीही कोणाच्या पराक्रमाने नव्हे, चुकीच्या लिफ्टमुळे.

प्रश्न : ब्रुकमन हे नाव कुठून आले? आणि कुत्र्याचे पुढे काय झाले? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : क्लाइड ब्रुकमन हे मूकपटांच्या काळातले लेखक-दिग्दर्शक, विनोदी नट बस्टर कीटनबरोबर ‘द जनरल’ (१९२६) त्यांनी दिग्दर्शित केला आणि १९५५ साली आत्महत्या केली. भागातले क्लाइन आणि हॅवेझ हे पोलीसही कीटनच्या सहकाऱ्यांची नावे लावतात. ब्रुकमनच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईच्या प्रेताशी तिच्याच कुत्र्याने काय केले होते ते जेवणाच्या वेळी वाचणाऱ्यांसाठी सांगत नाही. स्कलीने त्याला घरी नेले आणि ‘मोबी-डिक’ कादंबरीतल्या भालाईतावरून क्वीक्वेग हे नाव ठेवले. त्याच पर्वाच्या बाविसाव्या भागात ती त्याला एका तळ्याकाठी फिरायला नेते. तो झाडीत पळतो, ती दोरी ओढत राहते, आणि दोरीच्या टोकाला फक्त गळपट्टा येतो.