लाकडाच्या तेलाचा 'उष्मांक' की 'उष्मांक मूल्य'?

भाऊ, तुमचा प्रश्न असा की लकडगंजच्या आरा मशीनवरच्या भुशापासून तेल काढायच्या प्रोजेक्टचा रिपोर्ट मराठीत लिहून राहिले, तर 'कॅलोरिफिक व्हॅल्यू'ला नुसतं 'उष्मांक' म्हटलं तर चालेल का. माझ्या मते नको. 'एका पोळीत इतके उष्मांक' असं आपण वाचतो तिथे उष्मांक हे एकक असतं, म्हणजे कॅलरी, आणि तीही खरं तर किलोकॅलरी, हजारपटीचा घोळ तिथेच होतो. तुम्हाला सांगायचंय ठराविक इंधन जाळल्यावर किती उष्णता निघते ते, म्हणून 'उष्मांक मूल्य' लिहा आणि सोबत 'दर किलोला' की 'दर लिटरला' हे लिहाच लिहा.

एवढा आग्रह का, तर बघा. भुसा हवा न लागू देता साधारण ५०० अंश सेल्सियसला झटपट तापवायचा, निघालेली वाफ लगेच थंड करायची, की काळपट, धुरकट वासाचा द्रव मिळतो. त्याचं उष्मांक मूल्य दर किलोला १६ ते १९ मेगाज्यूल, डिझेलचं ४५ च्या आसपास, म्हणजे निम्म्याहूनही कमी. पण हा द्रव जड आहे, लिटरमागे जवळपास १.२ किलो भरतो, त्यामुळे दर लिटरला मोजलं तर २० च्या आसपास आणि डिझेल ३८, आता तेच इंधन निम्म्याच्या वर गेलं!

दुसरं, यात १५ ते ३० टक्के पाणी असतं. इंधन जळताना पाण्याच्या वाफेबरोबर जाणारी उष्णता धरली तर ते 'एकूण उष्मांक मूल्य', कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत कोळशाची माणसं ज्याला जीसीव्ही (ग्रॉस कॅलोरिफिक व्हॅल्यू) म्हणतात तेच, आणि ती वजा केली की 'निव्वळ'. 'एकूण'च्या जागी काही जण 'ढोबळ' लिहितात ते मला अजिबात पटत नाही, ढोबळ म्हटलं की अंदाजपंचे वाटतं, आणि हा आकडा तर बॉम्ब कॅलरीमीटरमध्ये, म्हणजे इंधन बंद भांड्यात जाळून उष्णता मोजायच्या उपकरणात, नीट मोजलेला असतो.

राहिलं 'तेल'. शब्द तिळावरून आला, पण रॉकेललाही आपण तेलच म्हणत आलो, तेव्हा बोलताना हरकत नाही. फक्त हे तेल डिझेलमध्ये मिसळत नाही, आम्ल असल्यामुळे साध्या लोखंडी टाकीला खातं, म्हणून रिपोर्टमध्ये पहिल्यांदा 'लाकडाचं पायरोलिसिस तेल' असं पूर्ण नाव द्या, पायरोलिसिस म्हणजे वर सांगितलं तसं हवा न लागू देता तापवणं. 'ऊष्माविच्छेदित काष्ठतैल' वगैरे घडवू नका, टाकी भरणाऱ्या माणसाला ते कळलं पाहिजे.