तान्ह्या बाळांचे मृत्यू : तुमचे प्रश्न

गरीब देशांत नवजात बाळं एवढी का दगावतात? तिथे वेगळे आजार असतात का?

वेगळे कसले, तेच. दिवस पूर्ण व्हायच्या आत जन्म, जन्मताना गुदमरणं आणि इन्फेक्शन, बहुतेक मृत्यू यातच येतात. २०२२ मध्ये जगात साधारण २३ लाख बाळं २८ दिवसांची व्हायच्या आत गेली, त्यातली ७५ टक्क्यांच्या आसपास पहिल्याच आठवड्यात. पण रिस्क एकेकटी येत नाही हो, आई विशीच्या आतली, अंगात रक्त कमी, आधीचं मूल अजून रांगतंय, म्हणून बाळ लवकर आलं, बारीक आलं, मग गार पडलं, दूध ओढेना, आणि त्यात इन्फेक्शन. कागदावर फक्त शेवटचं लिहिलं जातं.

बाळ दोन किलोचं आहे, पण शांत आहे, सारखं झोपून असतं, दुधालाही उठत नाही. चांगलंच ना?

नाही! हे वाचत बसू नका, आधी दवाखाना गाठा. नवजात बाळाचं 'गुणी' असणं मला कायम घाबरवतं. निघताना पाऊल आणि पोट हाताने बघा, पाऊल गार पण पोट गरम असेल तर बाळ गारठायला लागलंय, दोन्ही गार म्हणजे बरंच गारठलंय, कपडे काढून आईच्या छातीशी धरा, वरून पांघरूण, डोक्यात टोपी. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, ६० किंवा जास्त भरले तर डॉक्टरांना तो आकडा सांगा. मोजण्यापायी निघायला उशीर मात्र नको.

इनक्युबेटर, म्हणजे बाळाला उबेत ठेवायची पेटी, नसेल तर?

१९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात इनक्युबेटर पुरेनात, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या छातीवरच ठेवली, तेच कांगारू केअर. २०२१ साली पाच देशांतल्या चाचणीचा निकाल आला : १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्यावर लगेच असं धरलं तर मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. म्हणजे आई ही जुगाड नाही, उपचार आहे.

दवाखान्यात बाळंतपण झालं की धोका टळला ना?

अर्धाच. न रडणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटात बॅग-मास्कने, म्हणजे नाकातोंडावर मास्क धरून पिशवी दाबत, श्वास देणारं माणूस तिथे हवं, नुसती इमारत काय करणार. आणि घरी सोडल्यावर कोण बघतं? गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी पाठवलं, तर तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला होता.