लघवीत जंताची खूण सापडली, म्हणजे कॅन्सर झाला का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझा मुलगा थायलंडमध्ये खोन केनजवळ एका साखर कारखान्यात इंजिनिअर आहे. वय ३४. तिथल्या मित्रांबरोबर तो नदीतला मासा कच्चाच, लिंबू-मिरची घालून खायचा, हे मला आत्ता कळलं. मध्यंतरी कारखान्यात तपासणी झाली. लघवी घेतली, तीत यकृतातल्या जंताची खूण आली. गोळ्या दिल्या आणि सोनोग्राफी करायला सांगितली. आमच्या घरच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की ही पित्तनलिकेच्या कॅन्सरची तपासणी असते. तेव्हापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही. गणपतीत तो इंदूरला येतोय. त्याचं ताट-वाटी वेगळं ठेवू का? आम्हा सगळ्यांचीही लघवी तपासायला हवी का?
— एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, आधी ताटाचं सांगते. वेगळं ठेवू नका. मुलगा इतक्या दिवसांनी गणपतीला घरी येणार आणि आईनं त्याचं पान बाजूला मांडायचं, याला कसलाही वैद्यकीय आधार नाही. हा जंत ताटातून, पाण्याच्या भांड्यातून, मिठीतून कुणालाही लागत नाही. त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात गेली, की बिथिनिया जातीच्या छोट्या गोगलगायीत त्यांची वाढ व्हावी लागते. तिथून बाहेर पडलेल्या अळ्या कार्प कुळातल्या माशाच्या मांसात शिरतात, आणि तो मासा कच्चा किंवा अर्धाकच्चा पोटात गेला तरच जंत माणसात येतो. तुमच्या घरातल्या कुणाचीही लघवी तपासायची गरज नाही.

आता त्या रिपोर्टाविषयी. या जंताचं नाव ओपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी. पानासारखा चपटा, जेमतेम सेंटिमीटरभर लांब. यकृतातल्या पित्तनलिकांमध्ये तो वर्षानुवर्षं राहतो. ईशान्य थायलंड म्हणजे ईसान, लाओस, कंबोडिया, दक्षिण व्हिएतनाम हा त्याचा मुलूख. तुमच्या मुलानं खाल्लं त्याला तिकडे 'कोय प्ला' म्हणतात. लिंबाच्या रसानं मासा पांढरा पडतो, शिजल्यासारखा दिसतो, पण आतल्या अळ्या जिवंतच राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९४ साली हा जंत माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात घातला. पित्तनलिकेच्या कॅन्सरचं प्रमाण जगात सर्वांत जास्त ईसानमध्ये, त्यातही खोन केनच्या भागात, नोंदलं गेलं आहे. तुमच्या ग्रुपवरच्या माणसानं हेच कुठेतरी वाचलं असणार.

पण मुलाच्या लघवीत सापडली ती जंताची खूण, कॅन्सरची नव्हे. जंताच्या अंगातून सुटणारी प्रथिनं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडातून गाळून लघवीत येतात. खोन केन विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकी तीच प्रथिनं ओळखणारी तपासणी तयार केली. आधी ती प्रयोगशाळेत करावी लागे, आता गरोदरपणाच्या चाचणीसारखी पट्टीही आहे. जंत जास्त असले तर लघवीतलं हे प्रमाणही साधारण जास्त असतं, आणि औषधानंतर ते खाली येतं. म्हणून औषध लागू पडलं का आणि पुन्हा लागण झाली का, ही दोन्ही उत्तरं तिच्यातून मिळतात.

मी पॅथॉलॉजीतली आहे, त्यामुळे या तपासणीचं मोल मला जरा जास्तच वाटतं. जुनी पद्धत म्हणजे शौच तपासून अंडी शोधणे. अंडं साधारण २७ मायक्रॉनचं. जंत थोडे असतील तर अंडी थोडी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती सहज निसटतात. त्यात तिकडे आतड्यातल्या दुसऱ्या बारीक जंतांची अंडीही हुबेहूब तशीच दिसतात. शिवाय शौचाचा नमुना आणायला लोक संकोचतात. इंदूरच्या माझ्या प्रयोगशाळेत मी आयुष्यभर पाहिलं: लघवीची डबी हसत पुढे यायची, शौचाची डबी देऊन पाठवलेला माणूस पुष्कळदा परत फिरकायचाच नाही. गावच्या गाव तपासायचं असेल तर लघवी देणं सोपं, आणि जितके जास्त लोक पुढे येतील तितके जंत वेळेवर सापडतील.

कॅन्सरशी जवळच्या खुणाही लघवीत शोधल्या गेल्या आहेत. जंतामुळे पित्तनलिकेला सतत सूज राहते, पेशींच्या डीएनएला इजा होते. त्या इजेचा एक तुकडा, ८-ऑक्सो-डीजी, लघवीत उतरतो. जंत झालेल्यांत, नलिकेभोवती जाड व्रण आलेल्यांत आणि कॅन्सर झालेल्यांत तो वाढलेला आढळला आहे. मायक्रो-आरएनए म्हणजे पेशींतल्या जनुकांचं काम कमी-जास्त करणारे बारीक रेणू; त्यांतल्या २१ आणि १९२ क्रमांकाच्या दोन खुणांवरही तिकडे काम झालं. मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं, कारण हा कॅन्सर कावीळ दिसेपर्यंत मुकाट वाढतो आणि तोवर शस्त्रक्रियेची वेळ बहुधा निघून गेलेली असते. तरीही यातल्या एकाही खुणेवरून 'कॅन्सर आहे' असं म्हणता येत नाही. ८-ऑक्सो-डीजी तर सिगारेट ओढणाऱ्यांतही वाढतो. या खुणांचा उपयोग असा, की हजारो माणसांतून सोनोग्राफी आधी कुणाची करायची ते ठरवता यावं. तुमच्या मुलाला सोनोग्राफी सांगितली ती याच रीतीनं.

ती त्यानं जरूर करावी. नलिकांभोवती जाडपणा आहे का, नलिका फुगल्या आहेत का, एवढं त्यात कळेल. ३४ हे वय त्याच्या बाजूनं आहे. लागणीनंतर कॅन्सरला सहसा काही दशकं लागतात आणि बहुतेक रुग्ण पन्नाशीच्या पुढचे असतात. दिलेलं औषध प्राझिक्वान्टेल असणार. मात्रा वजनावर ठरते आणि नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांत जंत जातात. त्या दिवशी गरगरतं, मळमळतं. गाडी चालवू नये.

ताई, मला खरी काळजी आहे ती पुढची. ईसानमध्ये कित्येक लोक गोळी घेतात आणि पुन्हा कच्चा मासा खातात, कारण गोळी आहेच ना! गोळी जंत मारते, पुढची लागण रोखत नाही. दर नव्या लागणीबरोबर नलिकेची सूज पुन्हा सुरू होते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत औषधानंतरच्या पुन्हा-लागणीनं इजा जास्त झालेली दिसली आहे. मुलाला रागावू नका, पण त्याच्याकडून शब्द घ्या. मित्रांच्या पंगतीत बसावं, मासा मात्र नीट शिजलेलाच खावा. तिकडचा आंबवलेला मासाही उकळल्याशिवाय नको. दारू-सिगारेट असेल तर तीही सोडावी. इंदूरला आल्यावर डॉक्टरांना त्यानं आपणहून सांगावं, 'मी ईशान्य थायलंडमध्ये राहतो, कच्चा मासा खाल्ला आहे, जंत निघाला होता.' इकडच्या डॉक्टरांच्या मनात हा जंत सहसा येत नाही.

आणि तुमच्या हातचं माशाचं कालवण त्याला पोटभर वाढा. रटरटून उकळलेल्या कालवणात ही अळी जगत नाही.

प्रश्न : एका जाहिरातीत लघवीच्या एकाच तपासणीत पित्ताचा कॅन्सर कळेल असं लिहिलं आहे. माझं वय ६१, पित्ताशयात खडे आहेत. करून घेऊ का?
— एक वाचक, नवलखा, इंदूर

उत्तर : नको. वर लिहिलेल्या खुणा जंताच्या मुलखातल्या लोकांसाठी अभ्यासल्या गेल्या आहेत, तुमच्या खड्यांविषयी त्या काही सांगणार नाहीत. उत्तर भारतात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात, पित्ताशयाचा कॅन्सर जास्त आढळतो आणि त्याचं खड्यांशी नातं आहे. ते पैसे सोनोग्राफीला ठेवा आणि रिपोर्ट सर्जनला दाखवा. खडा केवढा आहे आणि पित्ताशयाची भिंत जाड झाली आहे का, हे मुद्दाम विचारा. डोळे पिवळे होणं, लघवी गडद आणि शौच फिकट होणं, अंगाला खाज, वजन उतरणं यांतलं काही दिसलं तर त्याच आठवड्यात जा.